बूस्ट करायचंय? पण किती, बॉस?

*मेडिकलच्या काउंटरपासून ज्यूसच्या गाडीपर्यंत सगळीकडे 'इम्युनिटी बूस्टर' मिळतो. पण आपल्या पेशींना खरोखर चार्ज करणारी चीज आपल्या शरीरातच तयार होते. तिचं नाव सायटोकाइन. शास्त्रज्ञांनी ती बाटलीत भरून पेशंटला दिली, तेव्हा काय झालं?*

सोमवार सकाळ. ऑफिसचा एसी फुल्ल. शेजारच्या क्युबिकलमधून पहिली शिंक ऐकू येते. मंगळवारी दोन क्युबिकल्स शिंकायला लागतात. बुधवारी तुमचा नंबर! घसा खवखवतोय, अंग मोडून आलंय, डोकं जड झालंय आणि डेडलाइन शुक्रवारची आहे.

मग सुरू होतो सल्ल्यांचा पाऊस. एचआरवाली म्हणते, "हळदीचं दूध घे." टीम लीडर स्वतःच्या ड्रॉवरमधून व्हिटॅमिन सीची गोळी काढून देतो. आईचा फोन येतो, "काढा करून पी, आणि त्या एसीखाली बसू नकोस." आणि संध्याकाळी मेडिकलवाला विचारतो, "इम्युनिटी बूस्टर देऊ का?"

सगळ्यांच्या बोलण्याचा अर्थ एकच. तुमच्या पेशींमध्ये दम उरलेला नाही, त्यांना जरा धक्का द्या!

गंमत अशी, की त्या बुधवारी तुमच्या पेशी आळसावलेल्या नसतातच. त्या ओव्हरटाइम करत असतात. ताप, अंगदुखी, भूक मरणं, सारखी झोप येणं... यातलं बरंचसं व्हायरस थेट करत नाही. ते आपलीच यंत्रणा करते. लढायला उतरलेल्या पेशी काही प्रोटीन्स सोडतात. या प्रोटीन्सचा निरोप मेंदूपर्यंत पोचतो. मेंदू शरीराचा थर्मोस्टॅट वर करतो आणि फर्मान काढतो, 'सगळी कामं बंद, आडवे व्हा!' म्हणजे बुधवारी तुम्हाला जे वाटतंय, ते 'बूस्ट' झाल्याचंच लक्षण आहे. कसं वाटतंय बूस्ट होऊन?

सोसायटीचा ग्रुप, पेशींचा ग्रुप

या निरोप्या प्रोटीन्सना म्हणतात सायटोकाइन्स. समजायला सोपं आहे. तुमच्या सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप आठवा. वॉचमनला रात्री कुणी अनोळखी माणूस दिसला, त्याने सेक्रेटरीला सांगितलं, सेक्रेटरीने ग्रुपवर टाकलं. पाच मिनिटांत चार माणसं काठ्या घेऊन खाली. कुणी गेट लावतं, कुणी दिवे लावतं, कुणी पोलिसांना फोन करतं. मेसेज एकच, पण ज्याच्याकडे तो पोचतो तो आपापलं काम करतो.

पेशींचंही असंच चालतं. त्यांना डोळे नाहीत, कान नाहीत. एक पेशी प्रोटीनचे कण सोडते. ज्या पेशीच्या अंगावर त्या प्रोटीनसाठीचा रिसेप्टर असेल, तिलाच तो मेसेज 'डिलिव्हर' होतो. बाकीच्यांना पत्ताही लागत नाही.

या कुटुंबातलं पहिलं गाजलेलं नाव इंटरफेरॉन. १९५७ साली लंडनमध्ये ॲलिक आयझॅक्स आणि जाँ लिंडनमान यांना ते सापडलं. व्हायरसने गाठलेली पेशी मरता मरता शेजाऱ्यांना सावध करते, 'दारं लावून घ्या!' तो निरोप म्हणजे इंटरफेरॉन. त्यानंतर अशी डझनावारी प्रोटीन्स सापडली. १९७९ साली स्वित्झर्लंडमधल्या एका बैठकीत त्यातल्या काहींचं बारसं झालं, 'इंटरल्यूकिन'. म्हणजे पांढऱ्या पेशींमधला संवाद. पुढे नावं सुचायची बंद झाली असावीत, कारण सरळ नंबर देणं सुरू झालं. आयएल-१, आयएल-२, आयएल-६...

आपल्या स्टोरीचा हीरो आहे आयएल-२. हीरो म्हणा किंवा व्हिलन, शेवटी तुम्हीच ठरवा.

एक पेशी, हजार पेशी

टी-सेल ही आपल्या रक्तातली कमांडो. प्रत्येक टी-सेल एकाच प्रकारचा शत्रू ओळखते. त्यामुळे एखाद्या ठरावीक व्हायरसला ओळखणाऱ्या टी-सेल्स सुरुवातीला अगदी मूठभर असतात. मग एवढ्या मोठ्या हल्ल्याला तोंड कसं देणार?

इथे आयएल-२ एंट्री घेतो. टी-सेलला तिचा शत्रू दिसला आणि बाजूच्या पेशीने दुजोरा दिला, की ती दोन गोष्टी करते. एक, आयएल-२ तयार करून सोडते. दोन, आयएल-२ पकडणारा दमदार रिसेप्टर स्वतःच्याच अंगावर उभा करते. म्हणजे मेसेज पाठवणारीही तीच आणि वाचणारीही तीच. प्रोटीन रिसेप्टरमध्ये बसलं, की रिसेप्टरचे तीन तुकडे एकत्र येतात आणि पेशीच्या आत रिले रेस सुरू होते. आतली एन्झाइम्स स्टॅट-५ नावाच्या प्रोटीनच्या हातात बॅटन देतात. ते धावत पेशीच्या केंद्रात जातं आणि जीन्सची बटणं दाबतं. ऑर्डर निघते, 'विभाजन सुरू करा!' एकीच्या दोन, दोघींच्या चार... थोड्याच दिवसांत हजारो.

एनके सेल्स, म्हणजे 'नॅचरल किलर' नावाच्या पेशी, यांनाही आयएल-२ मिळालं की त्या चवताळतात. बिघडलेल्या पेशींना मारण्याची त्यांची ताकद वाढते.

वाचतानाच तुमच्या डोक्यात आलं ना? मग हेच प्रोटीन इंजेक्शनने दिलं तर? एका सर्जनच्या डोक्यात अगदी हेच आलं.

कॅन्सर गेला कुठे?

१९६८ साल. बॉस्टनजवळचं माजी सैनिकांचं एक हॉस्पिटल. स्टीव्हन रोझेनबर्ग हा तरुण सर्जन तिथे शिकत होता. पोटदुखीची तक्रार घेऊन एक पेशंट आला. साधं पित्ताशयाचं ऑपरेशन होतं. पण जुनी फाइल काढली आणि रोझेनबर्ग चक्रावला. बारा वर्षांपूर्वी याच माणसाला जठराचा कॅन्सर होता. यकृतापर्यंत पसरलेला. डॉक्टरांनी हात टेकून त्याला घरी पाठवलं होतं. आणि तो माणूस बारा वर्षांनी समोर उभा होता! रोझेनबर्गने ऑपरेशन करताना कॅन्सर शोधला. नव्हताच. कुठलंही औषध न घेता गायब.

याच्या शरीराने स्वतःच कॅन्सरला मारलं की काय? या प्रश्नाने रोझेनबर्गची झोप उडवली. १९७४ साली तो अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये सर्जरी विभागाचा प्रमुख झाला आणि याच प्रश्नाच्या मागे लागला. दोनच वर्षांनी त्याच संस्थेतल्या मॉर्गन, रसेटी आणि गॅलो यांनी टी-सेल्सना प्रयोगशाळेत वाढवत ठेवणारं एक द्रव्य शोधलं. तेच आपलं आयएल-२. अडचण एकच होती. ते तयार व्हायचं अगदी चिमूटभर. १९८३ मध्ये जपानच्या तादात्सुगु तानिगुची यांच्या टीमने त्याचं जीन वेगळं काढलं आणि मग बॅक्टेरियांकडून हे प्रोटीन हवं तेवढं बनवून घेता येऊ लागलं.

तरी पेशंट वाचत नव्हते. एकामागून एक प्रयत्न फसत होते. १९८४ च्या शेवटी अमेरिकन नौदलातली तिशीतली एक अधिकारी त्याच्याकडे आली. मेलानोमा, म्हणजे त्वचेतून सुरू होणारा भयंकर कॅन्सर, शरीरभर पसरलेला. बाकी सगळे उपाय संपले होते. रोझेनबर्गने या वेळी डोस पूर्वीपेक्षा बराच वाढवला. औषधाने तिची अवस्था इतकी बिकट झाली, की ती जाते की काय अशी वेळ आली. ती त्यातून तरली. आणि पुढच्या काही महिन्यांत तिच्या शरीरातल्या गाठी विरघळत गेल्या. ती पूर्ण बरी झाली, पुढे अनेक वर्षं जगली.

डिसेंबर १९८५ मध्ये रोझेनबर्गच्या टीमने पहिल्या २५ पेशंट्सचा रिपोर्ट छापला. ११ जणांच्या गाठी निम्म्याहून जास्त आकसल्या होत्या. जगभरच्या पेपरांत हेडलाइन्स झळकल्या. कॅन्सरवर रामबाण सापडला!

बिल किती झालं?

रामबाण? थांबा जरा.

मोठ्या डोसचं आयएल-२ अमेरिकेत १९९२ साली किडनीच्या कॅन्सरसाठी आणि १९९८ साली मेलानोमासाठी मंजूर झालं. ज्या ट्रायल्सवर ही मंजुरी मिळाली, त्यांत १०० पैकी साधारण १५ पेशंट्सच्या गाठी आकसल्या. सहा-सात जणांच्या पूर्ण नाहीशा झाल्या. आकडा छोटा, पण त्या सहा-सात जणांतले बरेच जण कायमचे बरे झाले. त्या काळात पसरलेल्या मेलानोमाचा पेशंट बरा होणं ही ऐकिवात नसलेली गोष्ट होती.

आणि किंमत? आयएल-२ रक्तात फार वेळ टिकत नाही, म्हणून दर आठ तासांनी डोस. सगळीकडच्या पेशींना एकदम मेसेज. नुसत्या लढणाऱ्याच नाही, तर रक्तवाहिन्यांच्या भिंतीही प्रतिसाद देतात. त्या गळायला लागतात. रक्तातलं पाणी बाहेर झिरपतं, अंग सुजतं, बीपी धाडकन खाली येतं, फुप्फुसांत पाणी साठतं. हे औषध द्यायचं तर जवळ आयसीयू पाहिजे, हा नियमच झाला.

का? कारण आपल्या शरीरात आयएल-२ असं कधी वागतच नाही. ते एका गाठीत, दोन पेशींच्या मधल्या फटीत, काही वेळापुरतं सुटतं. सोसायटीतला 'चोर आला' हा मेसेज सोसायटीच्या ग्रुपवर ठीक आहे. तोच अख्ख्या शहराला पाठवला तर? दंगल!

हेच प्रोटीन, उलटं काम

आता खरा ट्विस्ट. १९९५ साली जपानच्या शिमॉन साकागुची यांनी टी-सेल्सचा एक वेगळाच गट ओळखला. यांचं काम लढणं नाही, लढणाऱ्यांना आवरणं. रेग्युलेटरी टी-सेल्स म्हणतात त्यांना. ट्रॅफिक हवालदारच म्हणा. त्या नसतील तर आपलेच कमांडो आपल्याच अवयवांवर तुटून पडतात. या शोधाच्या कामासाठी साकागुची, मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांना २०२५ चं नोबेल मिळालं.

आणि या हवालदारांचं आवडतं खाद्य कोणतं? आयएल-२! त्याला पकडणारा दमदार रिसेप्टर या पेशींच्या अंगावर कायम तयार असतो. त्यामुळे आयएल-२ थोडंच असेल, तर ते हवालदारच गट्टम करतात आणि वातावरण शांत होतं. भरपूर असेल, तर कमांडोंना पोचतं आणि युद्ध पेटतं. २०११ साली दोन वेगवेगळ्या टीम्सनी छोट्या डोसचं आयएल-२ अशा पेशंट्सना देऊन पाहिलं, ज्यांची प्रतिकारशक्ती त्यांच्याच शरीरावर उलटली होती. अनेकांना आराम पडला.

विचार करा. एकच प्रोटीन. मोठा डोस आग लावतो, छोटा डोस आग विझवतो. मग 'इम्युनिटी बूस्टर' या शब्दाला अर्थ काय उरला? कोणाला बूस्ट? कमांडोला की हवालदाराला?

टॉसीची शोधाशोध आठवते?

एप्रिल २०१२. फिलाडेल्फिया. ल्युकेमिया झालेल्या सहा वर्षांच्या एका मुलीला तिच्याच टी-सेल्स परत दिल्या गेल्या. प्रयोगशाळेत त्यांना कॅन्सर ओळखायला शिकवून. या उपचाराला म्हणतात कार-टी. पेशींनी काम जोरात सुरू केलं. इतकं जोरात, की सायटोकाइन्सचा महापूर आला. प्रचंड ताप, व्हेंटिलेटर, डॉक्टर हताश. रक्त तपासलं तर आयएल-६ आकाशाला भिडलेलं. टीमचे प्रमुख कार्ल जून यांच्या स्वतःच्या मुलीला लहानपणापासूनचा संधिवात होता. त्यामुळे आयएल-६ चा मेसेज अडवणारं संधिवाताचं एक औषध त्यांना माहीत होतं. ते दिलं आणि काही तासांत पोरगी सावरू लागली. तिला जाग आली ती तिच्या सातव्या वाढदिवशी. कॅन्सर गेला होता.

त्या औषधाचं नाव टॉसिलिझुमॅब. ओळखीचं वाटतंय? २०२१ चा एप्रिल-मे आठवा. कोविडची दुसरी लाट. 'टॉसी कुठे मिळेल?' असे मेसेज आपल्या सगळ्यांच्या फोनवर फिरत होते. तेच हे. आता त्या दिवसांतला विरोधाभास बघा. आपण घरोघरी इम्युनिटी 'वाढवण्याचे' काढे फॉरवर्ड करत होतो आणि आयसीयूतले डॉक्टर स्टिरॉइड्स आणि टॉसी देऊन पेशंटची खवळलेली इम्युनिटी 'उतरवत' होते. अनेक गंभीर पेशंट्सच्या बाबतीत व्हायरसइतकाच धोका सायटोकाइन्सच्या गोंधळाचा होता.

पवईपासून बीसीजीच्या वणापर्यंत

मग काय, हा नाद सोडून द्यायचा? अजिबात नाही. शास्त्रज्ञ आता आवाज वाढवण्याऐवजी पत्ता नीट लिहायला शिकतायत.

कार-टीचंच बघा. आपल्या पवईच्या आयआयटी बॉम्बेमध्ये डॉ. राहुल पुरवार यांच्या टीमने टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांसोबत भारतीय कार-टी उपचार घडवला. नेक्सकार-१९. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला मंजुरी मिळाली आणि एप्रिल २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते तो आयआयटीच्या कॅम्पसमध्येच लाँच झाला. काही ठरावीक रक्ताच्या कॅन्सरसाठी तो वापरतात. परदेशात अशा उपचाराचा खर्च कोटींत जातो, इथे लाँचच्या वेळी तो चाळीस-एक लाखांच्या घरात होता. सामान्य माणसासाठी हाही आकडा मोठाच, पण दार उघडलं हे खरं.

दुसरं उदाहरण तर तुमच्या अंगावर आहे. डाव्या दंडावरचा तो छोटा वण बघा. बीसीजीची लस! टीबीसाठी टोचलेली हीच बीसीजी मूत्राशयाच्या सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये नळीने थेट मूत्राशयात सोडतात. बॅक्टेरिया बघून तिथल्या पेशी खवळतात, सायटोकाइन्स सोडतात आणि कॅन्सरवरही तुटून पडतात. काहींना बीसीजीचा उपयोग होत नाही. त्यांच्यासाठी एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेत आयएल-१५ वर आधारित एक औषध मंजूर झालं. आयएल-१५ हा आयएल-२ चा जवळचा नातेवाईक. तो एनके सेल्स आणि मारेकरी टी-सेल्सना चेतवतो, आणि हवालदारांच्या फार नादाला लागत नाही. हे औषधही बीसीजीसोबत थेट मूत्राशयातच देतात. अख्ख्या शहराला नाही, फक्त त्या सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज!

आणि रोझेनबर्गची गोष्ट? पेशंटच्या गाठीतूनच टी-सेल्स काढायच्या, आयएल-२ वर वाढवायच्या आणि परत द्यायच्या, ही त्याची कल्पना. तिच्यावर आधारलेला मेलानोमाचा उपचार फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेत मंजूर झाला. चाळीस वर्षं लागली. बूस्ट इतका सोपा नसतो!

मग बुधवारी करायचं काय?

हळदीचं दूध प्या, काढा प्या. घशाला बरं वाटतं आणि आईलाही. व्हिटॅमिन सी रोज घेणाऱ्यांचा सर्दीचा मुक्काम थोडासा कमी होतो, एवढंच. पण आपल्या आवाक्यातल्या ज्या गोष्टींचा खरा फरक पडतो, त्या दुकानात मिळत नाहीत.

• झोप. अमेरिकेत २००९ साली छापलेल्या एका अभ्यासात १५३ निरोगी माणसांच्या नाकात चक्क सर्दीचा व्हायरस सोडून पाहिला. सात तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता आठ तास किंवा जास्त झोपणाऱ्यांच्या जवळपास तिप्पट निघाली. वीकेंडला भरपाई करू म्हणणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

• व्यायाम. राबणारे स्नायू स्वतःच आयएल-६ सोडतात. मॅरेथॉनमध्ये रक्तातलं त्याचं प्रमाण शंभरपटीपर्यंत जाऊ शकतं. आयसीयूतल्या पेशंटला लोळवणारं हेच प्रोटीन इथे दाह कमी करणारे निरोप पुढे पाठवतं आणि थोड्या वेळात ओसरतं. मेसेज तोच, संदर्भ वेगळा.

• लस. कमांडोला आधीच शत्रूचा फोटो दाखवून ठेवणं. यापेक्षा सभ्य बूस्ट शास्त्राला अजून सापडलेला नाही.

• सावधगिरी. संधिवात, सोरायसिस, थायरॉइडसारखा एखादा ऑटोइम्यून आजार असेल, तर 'इम्युनिटी वाढवणारं' काहीही स्वतःच्या मनाने सुरू करू नका. तुमच्या कमांडोंना आधीच काम जास्त आहे. आधी डॉक्टरांना विचारा.

तेव्हा बॉस, पुढच्या बुधवारी अंग मोडून आलं, की वाईट वाटून घेऊ नका. तुमच्या पेशींचा ग्रुप ॲक्टिव्ह आहे. मेसेज धडाधड जातायत. अगदी वरपर्यंत, म्हणजे मेंदूपर्यंत पोचलाय, 'आडवे व्हा!' साठ-सत्तर वर्षं खपून शास्त्रज्ञ जो मेसेज वाचायला शिकले, तो तुम्हाला फुकटात आलाय. लॅपटॉप बंद करा, बॉसला सिक लीव्हचा मेल टाका आणि घरी जाऊन झोपा.

शुक्रवारची डेडलाइन? ती सोमवारीही तिथेच असेल. शेजारच्या क्युबिकलवाला तेवढा तुमचे आभार मानेल!